पैसे द्यायचे कुठे? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया आधी रागाने वाचली, मग शांतपणे वाचली. दोन ओळींत उत्तर देऊन भागणार नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: "गाणी फुकट उतरवून घेणाऱ्यांच्या मागे धावू नका" हा माझा सल्ला म्हणजे चोराला दार उघडून देणं आहे. वीस वर्षं तुम्ही रेकॉर्डिस्ट म्हणून काम केलंत, बरोबरची माणसं एकेक करून हा धंदा सोडून गेलेली पाहिलीत. पूर्वी लोक पुण्यात कर्वे रोडवर अलूरकरांच्या दुकानात जाऊन कॅसेट विकत घ्यायचे, आता दहा रुपयेही मोजत नाहीत, आणि माझ्यासारखे लिहिणारे त्यांना पाठीशी घालतात.

एक चूक आधीच मान्य करतो. "चोरून ऐकलेलं गाणंही शेवटी जाहिरातच करतं" असं मी लिहिलं होतं. ते वाक्य मागे घेतो. आपल्या गाण्याची जाहिरात कशी करायची हे ज्याचं गाणं त्याने ठरवायचं. दुसऱ्याने परस्पर वाटून वर उपकार सांगावेत, हे मलाही सहन होत नाही.

बाकी लिहिलेल्यावर मात्र मी ठाम आहे, आणि ते अनुभवातून आलंय.

२०१६ साली आम्ही पाच जणांनी आठ कवितांना चाली लावून रेकॉर्ड केल्या. स्टुडिओचे तास, वादक, मिक्सिंग, ३०० सीडी असा सगळा खर्च एक लाख चाळीस हजार. त्यातले साठ हजार बायकोच्या भिशीचे होते. सीडी आल्यावर पंधरा दिवसांत आठही गाणी व्हॉट्सॲपवर फिरायला लागली. पुढचे दोन महिने मी फक्त शोध घेत होतो: पहिल्यांदा कुणी टाकली, कुठल्या ग्रुपवर, कुणाला फोन करायचा. एका जुन्या मित्राशी त्यावरून इतकं बिनसलं की आज रस्त्यात भेटलो तरी आम्ही बोलत नाही. त्या दोन महिन्यांत माझी एकही नवी चाल झाली नाही, आणि एकही जास्तीची सीडी विकली गेली नाही.

मग डिसेंबरात शनिवार पेठेत सुदर्शन रंगमंचावर कार्यक्रम झाला. संपल्यावर पंच्याहत्तरीचे एक आजोबा थांबले होते. त्यांनी फोन काढून दाखवला. आमची आठही गाणी त्यात होती, नावं मात्र 'ट्रॅक ०१', 'ट्रॅक ०२' अशी. "भाच्याने टाकून दिली. रोज संध्याकाळी ऐकतो, पण कुणाची आहेत ते आज कळलं. चौथं कुणाचं हो? शब्द कुणाचे?" मी सांगितलं. ते त्यांनी मागच्या खिशातल्या डायरीत लिहून घेतलं. मग पाकीट उघडून विचारलं, "याचे पैसे द्यायचे कुठे?"

तिथे देण्याची जागाच नव्हती. सीडी घरी माळ्यावर पडलेल्या, दाराशी टेबल नाही, क्यूआर कोड नाही. आजोबांनी पाचशेची नोट माझ्या हातात कोंबली. मला फार लाज वाटली. ज्याला द्यायचे होते त्याला मी दोन महिन्यांत एक साधी वाट करून दिली नव्हती, कारण माझं सगळं लक्ष न देणाऱ्यावर होतं.

तेव्हापासून आमची पद्धत बदलली. प्रत्येक फाइलमध्ये गाण्याचं नाव, कवी, चाल, गायक, वादक, सगळं भरलेलं असतं. फाइल कुठेही फिरली तरी बहुतेक वेळा नावं तिच्याबरोबर जातात. दाराशी टेबल असतं, त्यावर शब्दांची छोटी पुस्तिका आणि क्यूआर. ज्याला फक्त गाणी हवीत त्याने मनाला येईल ते द्यावं. परदेशातल्या मराठी मंडळींसाठी बँडकॅम्प या गाणी विकायच्या संकेतस्थळावर ठेवलं आहे. तिथे डिजिटल विक्रीतले १५ टक्के ते घेतात, पण श्रोत्याला ठरलेल्या किमतीपेक्षा जास्त देता येतात, आणि लोक देतात. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे एक वही: जो येईल त्याचं नाव आणि नंबर, त्याला विचारून. आता कुणाच्या दिवाणखान्यात तीस-चाळीस जणांची बैठक ठरली की त्या वहीतूनच निरोप जातात. आमचा खरा खर्च या बैठकांतून निघतो.

स्ट्रीमिंगवर विसंबू नका, हेही मी पुन्हा सांगेन. स्पॉटिफायवर २०२४ पासून एखादं गाणं बारा महिन्यांत १,००० वेळा ऐकलं गेलं नाही तर त्याची रॉयल्टी धरतच नाहीत. आमच्या आठातली पाच तिथेच अडकतात.

मग चोराला मोकळं सोडायचं का? नाही. ऐकण्यासाठी उतरवणारा आणि आपल्या गाण्यावर पैसे कमावणारा यांत मी फरक करतो. कुणीतरी आमचं तिसरं गाणं स्वतःच्या चॅनलवर जाहिरातींसकट चढवलं होतं, नावं काढून. त्याला मी सोडलं नाही. आपल्याकडे कॉपीराइट निर्मितीबरोबरच मिळतो, नोंदणी सक्तीची नाही. पण पुरावा हवा, म्हणून स्टुडिओतल्या मूळ फाइली तारखांसकट जपा. २०१३ च्या कॉपीराइट नियमांप्रमाणे रीतसर लेखी तक्रार दिली की संबंधित संकेतस्थळाने ३६ तासांत तो मजकूर बंद करायचा असतो. २१ दिवसांत आपण कोर्टाचा आदेश आणला नाही तर ते पुन्हा सुरू करू शकतात. आणि गीतकार-संगीतकारांनी आयपीआरएसचं, म्हणजे त्यांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं, सभासद व्हावं. कॉपीराइट कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर त्यांचा रॉयल्टीचा हक्क कुठल्याही कंपनीला करारात लिहून घेता येत नाही. कितीतरी जण अजून करार न वाचताच सही करतात, याचं मला फार वाईट वाटतं.

अलूरकरांच्या कॅसेटबद्दल एवढंच: आमच्या वाड्यात एका घरी कॅसेट यायची आणि डबल डेकवर, म्हणजे दोन कॅसेटींच्या टेपरेकॉर्डरवर, तिच्या तीन कॉप्या निघायच्या. त्या तिघांतला एक पुढच्या महिन्यात स्वतः दुकानात जायचा, कारण दुकान कुठे आहे ते त्याला माहीत होतं.

तुमच्या एका मुद्द्यावर माझ्याकडे उत्तर नाही. कायद्याने गीतकाराला, संगीतकाराला, गायकाला काही ना काही दिलं. रेकॉर्डिस्टला रॉयल्टी नाही. गाणं दहा वर्षं चाललं तरी तुम्हाला मिळतात ते त्या दिवसाचे तास. म्हणून आमच्या हिशेबाच्या वहीत पहिली ओळ स्टुडिओच्या तासांची असते, ती कार्यक्रमाच्या आधी चुकती होते, आणि रेकॉर्डिस्टचं नाव फाइलमध्ये गायकाच्या लगेच खाली असतं.