‘निकाल चुकला’ म्हणजे नेमकं काय चुकलं?

काका, नमस्कार.

घटस्फोट-पोटगीच्या निकालातल्या चुकांवरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं: हरलेल्याला प्रत्येक निकाल चुकीचाच वाटतो, कोर्टाच्या चुका शोधायला शिकवून मी लोकांना आणखी दहा वर्षं हेलपाटे घालायला लावतेय, खरीच चूक असेल तर सरळ हायकोर्टात जावं, आणि अपिलाची मुदत मी 30 दिवस लिहिली तीही चुकीची.

मुदतीचं आधी, कारण तिथे तुम्ही बरोबर आहात. कुटुंब न्यायालय कायद्याच्या कलम 19 मध्ये 30 दिवस आहेत. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 28 मध्ये 2003 च्या दुरुस्तीपासून 90. निकाल एकच आणि कायदे दोन, मग धरायचं काय? मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने, म्हणजे तीन न्यायाधीशांनी एकत्र बसून, 2016 मध्ये सांगितलं, हिंदू विवाह कायद्याखालच्या निकालाला 90. मी एकच कायदा वाचून लिहून मोकळी झाले होते. लेख दुरुस्त केलाय. निकालाची नक्कल, म्हणजे कोर्टाची अधिकृत प्रत, मिळायला गेलेले दिवस मुदतीत मोजत नाहीत, हेही त्यात घातलं.

पण हरलेल्याचं म्हणाल, तर मी हरले नव्हते हो. घटस्फोट मंजूर झाला, मुलीला महिना 9,000 पोटगी मंजूर झाली. निकालपत्राच्या अकराव्या पानावर न्यायाधीशांनी स्वच्छ लिहिलं होतं की पोटगी ‘डेट ऑफ ॲप्लिकेशन’पासून, म्हणजे अर्ज केल्याच्या तारखेपासून, द्यावी. शेवटच्या पानावर, जिथे प्रत्यक्ष आदेश असतो, तिथे टाइप झालं ‘डेट ऑफ ऑर्डर’, आदेशाची तारीख. दोन्हींमध्ये 26 महिने. 2,34,000 रुपये एका शब्दात गेले. वसुलीच्या वेळी समोरच्या वकिलांनी अर्थातच शेवटचं पान पुढे केलं.

माझे वकील म्हणाले, अपील करू. नक्कल विभागाच्या खिडकीपाशी एक जुने कारकून उभे होते, ते म्हणाले, “ताई, अपील कशाला? 152 चा अर्ज टाका.” दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम 152. लिहिण्यातली, हिशोबातली किंवा अनवधानाने राहिलेली चूक त्याच कोर्टाने दुरुस्त करायची, आणि ती कधीही करता येते. दोन्ही पानांची झेरॉक्स काढली, दोन ओळी पिवळ्या केल्या, अर्जाला जोडल्या. मूळ न्यायाधीशांची तोवर बदली झाली होती. नव्या मॅडमनी दोन्ही पानं शेजारी ठेवून पाहिली आणि समोरच्या वकिलांना विचारलं, “यावर काय म्हणणं?” दुसऱ्या तारखेला दुरुस्तीचा आदेश. हायकोर्टात गेले असते तर अजून बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या खटल्यांची यादी, बघत बसले असते.

आता अकराव्या पानावर तारखेबद्दल अवाक्षर नसतं तर? मग 152 चालत नाही. न्यायाधीशांनी ठरवून तशी तारीख दिली असं धरतात, आणि ते बदलायला वरच जावं लागतं. पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी असं सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये रजनेश विरुद्ध नेहा या निकालात सांगितलंय, पण तो मुद्दा मग अपिलात मांडायचा. दुरुस्तीच्या अर्जात कोंबला तर अर्ज फेटाळला जातो आणि दिवस वाया जातात ते वेगळेच.

या दोहोंच्या मधली एक चूक असते. समजा नवऱ्याची पगारपत्रकं निशाणी 42 ला, म्हणजे पुराव्यातला 42 क्रमांकाचा कागद म्हणून, दाखल आहेत, आणि निकालात लिहिलंय की उत्पन्नाचा पुरावाच नाही. रेकॉर्ड उघडलं की दिसणारी चूक. तिला पुनर्विलोकन, म्हणजे रिव्ह्यू, त्याच कोर्टात, 30 दिवसांत. न्यायाधीशांनी पुरावा वाचला पण आपल्याला हवा तसा मानला नाही, तर ती चूक रिव्ह्यूची नव्हे. इथे मात्र तुमचा टोला मला मान्य. मूळ लेखात मी सगळ्याला सरसकट ‘चूक’च म्हटलं होतं. आणि रिव्ह्यू टाकला म्हणून अपिलाची मुदत थांबत नाही, दोन्ही घड्याळं चालूच असतात. तसंच नुसतं अपील दाखल केल्याने निकालाला स्थगिती मिळत नाही, ती वेगळी मागावी लागते. परस्परसंमतीचा हुकूमनामा (कोर्टाचा अंतिम आदेश, डिक्री) असेल तर अपीलच नाही. सही फसवून घेतली असं म्हणणं असेल तर त्याच कोर्टाचं दार वाजवायचं. म्हणून ‘सरळ हायकोर्टात जावं’ हा सल्ला मी देत नाही.

शेवटी तुम्ही पुतणीबद्दल लिहिलंय, की समन्स जुन्या पत्त्यावर गेलं आणि घटस्फोट एकतर्फी झाला. त्याला दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 9 नियम 13 चा, म्हणजे एकतर्फी निकाल रद्द करून मागण्याचा, अर्ज, त्याच कोर्टात. समन्स नीट बजावलंच नसेल तर 30 दिवस निकाल कळल्यापासून मोजतात. पण तारखेची खबर तिला दुसरीकडून लागली होती असं समोरच्याने दाखवलं, तर बजावणीतल्या किरकोळ त्रुटीवर निकाल रद्द होत नाही. तेव्हा आधी रेकॉर्डमधल्या समन्सवर बेलिफाने, म्हणजे समन्स बजावणाऱ्या कोर्टाच्या कर्मचाऱ्याने, काय शेरा मारलाय तो बघा, त्याची नक्कल मागा, आणि तिला निकाल कधी व कुणाकडून कळला ते आजच तिच्याकडून लिहून घ्या. अपिलाची मुदत संपली म्हणून त्या नवऱ्याने दुसऱ्या लग्नाची तारीख धरली असेल, तर उद्याच वकील गाठा.