उन्हाची गोष्ट सिनेमातली

‘उन्हात व्हॅम्पायर जळून जातो ही प्राचीन समजूत’ असं व्हॅम्पायरवरच्या, म्हणजे थडग्यातून उठून रक्त पिणाऱ्या मृतांवरच्या, लेखात म्हटलंय, ते पटलं नाही. ही कल्पना रूढ केली १९२२ च्या ‘नोस्फेराटू’ या जर्मन मूकपटाने. १८९७ च्या ‘ड्रॅक्युला’ कादंबरीतला व्हॅम्पायर ड्रॅक्युला लंडनमध्ये खुशाल दिवसाढवळ्या फिरतो. व्हॅम्पायर म्हणजे फिकट, खानदानी सरदार ही प्रतिमाही साहित्यातलीच. सर्बियात १७२५ च्या सुमारास व्हॅम्पायर समजून ज्यांची थडगी उकरली गेली ती साधी खेडूत माणसं, आणि प्रेतं म्हणे फुगलेली, लालसर! प्रेत कुजताना पोटात वायू साठतो, तोंडातून लालसर काळा द्रव येतो. गावकऱ्यांना वाटलं, रक्त पिऊन आलाय. शेवटी राजवैद्य व्हान स्विटेनच्या अहवालानंतर १७५५ मध्ये ऑस्ट्रियाची सम्राज्ञी मारिया थेरेसाने थडगी उकरायचे हे प्रकार बंद करायचा हुकूम काढला. लेखात व्हॅम्पायरला पळवणाऱ्या लसणाऐवजी यावर दोन परिच्छेद हवे होते.