डावा डोळा लवतोय, दाखवायचं का डॉक्टरला?

डॉक्टरांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर अधूनमधून एक मेसेज हमखास येतो: ‘आजचा कहर पेशंट’. कुणी नखावरचा पांढरा ठिपका दाखवायला आलेलं असतं, कुणाला जेवल्यावर झोप येत असते. सगळे हसतात, मीही हसते. सोलापूरच्या पूर्व भागात दवाखाना चालवायचा आणि हसायचं नाही म्हटलं तर दिवस जायचा कसा? पण त्या हसण्याला ‘कामधंदा नाही यांना, आमचा वेळ खातात’ असा सूर लागला की माझं बिनसतं. म्हणून आज जरा सविस्तर लिहिते. (पेशंटचे तपशील बदललेत. तरी वाचताना कुणी ओळखीचं वाटलंच, तर ते तुम्ही नाही, तुमचे शेजारी.)

यंत्रमागावर रात्रपाळी करणारा एक तरुण पाळी सुटल्यावर थेट दवाखान्यात आला.
“मॅडम, डोळा लवायलाय.”
“कुठला?”
“डावा की ओ. उजवा असता तर आलो असतो का?”

पुरुषाचा उजवा डोळा लवला तर शुभ, डावा लवला तर काहीतरी वाईट, हे आजीने त्याच्या डोक्यात पक्कं बसवलेलं. रात्रभर जागरण, दिवसा पत्र्याच्या घरात अर्धवट झोप आणि मोजता येणार नाही इतका चहा. पापणीचा स्नायू फडफडायला एवढं भरपूर झालं. झोप मिळाली, चहा आवरला की बहुतेक वेळा आपोआप थांबतं. तसं सांगितलं, तर विचारतो, “म्हणजे अशुभ नाही ना?” म्हटलं, आहे की, तुझ्या चहावाल्यासाठी.

दुसरे एक चाळिशीतले गृहस्थ छातीखाली गाठ आली म्हणून आले. चेहरा उतरलेला, सोबत बायको, मेहुणा आणि जुन्या रिपोर्टांची पिशवी. बरगड्या जिथे मधोमध जुळतात त्याच्या खाली, कडक आणि न हलणारी. तपासलं तर ते छातीच्या मधल्या हाडाचं खालचं टोक. जन्मापासून तिथेच असतं. आधी कूर्चेचं असतं, वय वाढलं की कडक होत जातं. यांनी रोज सकाळी सिद्धेश्वर तलावाला फेऱ्या मारून पोट कमी केलं आणि आतलं हाड पहिल्यांदाच हाताला लागलं. “तुम्हालाही आहे, बघा,” म्हटल्यावर मेहुणा स्वतःची छाती चाचपायला लागला. दोन मिनिटांत कंपाउंडरसकट सगळे आपापलं हाड शोधत होते.

मोबाईलच्या टॉर्चने तर कमाल केली आहे. जिभेच्या मागच्या बाजूला मोठे उंचवटे असतात, साधारण 8 ते 12. सगळ्यांना असतात. पूर्वी ते कुणाला दिसायचे नाहीत, आता रात्री अकरा वाजता आरशात दिसतात आणि सकाळी कॅन्सर म्हणून माझ्या टेबलावर येतात. बी-कॉम्प्लेक्स घेतल्यावर लघवी पिवळीधमक होते, तिची कावीळ करून आणणारेही आहेत.

मे महिन्यात पारा 42-43 ला गेला की ‘अशक्तपणा आलाय, बाटली लावा’ सुरू होतं. पाच टक्के ग्लुकोजच्या 500 मिलीच्या बाटलीत साखर असते 25 ग्रॅम. घरच्या सरबतात निघेल तेवढी. ज्याला तोंडाने पिता येतं त्याने सरबत प्यावं. पण ही सवय लोकांनी आईच्या पोटातून आणलेली नाही. ती आमच्याच धंद्यातल्यांनी लावली, त्यामुळे यावर ग्रुपवर जोक टाकायचा हक्क आम्हाला नाही, एवढंच.

आता ज्या तक्रारीमुळे हे लिहावंसं वाटलं ती. एक बाई नवऱ्याला दंडाला धरून घेऊन आल्या. “काय होतंय?” तर म्हणाल्या, “हे माझं ऐकतच नाहीत ओ.” बाहेरच्या बाकावरून लगेच आवाज आला, “आमचे पण!” मीही हसले. पण बाई थांबल्या नाहीत. “दोस्ताचं बरोबर ऐकू येतंय. माझं आणि नातीचंच येत नाही.”

काका आयुष्यभर मागावर. मागाच्या शेडमध्ये शेजारच्याशी बोलायचं तर कानाशी जाऊन ओरडावं लागतं. 85 डेसिबलचा आवाज रोज आठ-आठ तास कानावर पडला तरी कान बिघडू शकतो, आणि तिथला गोंगाट त्याच्या बराच वर जातो. असा कान जाताना आधी उंच पट्टीचे आवाज जातात, 4000 हर्ट्झच्या आसपासचे. दोस्ताचा घोगरा आवाज पोचतो, बायकोचा आणि लहान पोरीचा बारीक आवाज अर्धामुर्धाच पोचतो. स, फ, थ तर हवेतच विरतात. ऑडिओमेट्रीला, म्हणजे कान किती ऐकतो ते मोजायला पाठवलं, आलेख नेमका तिथेच खाली गेलेला. गेलेलं परत येत नाही. कानाला मशीन लावता येतं आणि उरलेलं सांभाळता येतं. बाईंना समजावून सांगितलं तर थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, “म्हंजे मुद्दाम करत नव्हते?” चेहऱ्यावर समाधानापेक्षा निराशाच जास्त. इतक्या वर्षांच्या भांडणाचा मुद्दाच काढून घेतला मी.

डोक्यात कोंडा झाला म्हणून आलेल्या एकाचं बीपी 180/110 निघालं. पुन्हा पुन्हा मोजलं, तेवढंच. त्याला काहीच त्रास नव्हता. बीपी बहुतेकांना त्रास देत नाहीच. कोंडा झाला नसता तर तो कशाला आला असता? शांपूही दिला, गोळीही सुरू केली. आता तो गल्लीत सांगत फिरतो की मॅडम कोंड्यावर रोजची गोळी देतात.

माझी झोप उडवतात ते न येणारे. विड्या वळणाऱ्या बायकांची मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने. दवाखान्यात अर्धा दिवस गेला की तेवढी मजुरी बुडाली. नातवाला शिंक आली तर त्या धावत आणतात. स्वतःच्या छातीतली गाठ दुखत नाही म्हणून कित्येक महिने पदराखाली ठेवतात. कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाहीच. म्हणून नातवाचं नाक तपासून झालं की मी आजीला खुर्चीवरून उठू देत नाही. “तुमचं काय?” आधी “काय नाही” म्हणतात. मग हळूच दार लोटून घ्यायला सांगतात.

तेव्हा लवणारा डोळा, जिभेवरचे उंचवटे, ऐकत नसलेला नवरा, जे असेल ते घेऊन या. फक्त रविवारी दुपारी नको.

राहिला फीचा प्रश्न. परवाच एका काकांना नीट तपासून सांगितलं, तुम्हाला काहीही झालेलं नाही.
“मग पैसे कशाचे?”
“झालेलं असतं तर जास्त लागले असते.”
काकांनी थोडा हिशेब केला, नोट टेबलावर ठेवली आणि म्हणाले, “बरं मग, एक सुई तरी मारा की.”