‘आपल्याकडे सोन्याची खाण आहेच कुठे?’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. सोन्याच्या खाणींतला पारा, गाळ आणि सायनाइड नदीतल्या माशांचं काय करतात, या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलंत : “कोकणात सोन्याची खाण नाही. मग पेरू-ब्राझीलच्या गोष्टी सांगून लोकांना का घाबरवता? वलगणीला (पहिल्या पावसात मासे नदी चढतात तेव्हा) आमची नदी लालभडक असते, तरी मासे चढतातच. कल्ले लाल असले की मासा चांगला, हे आजीपासून चालत आलंय. असल्या लिखाणाने कोळणींच्या पोटावर पाय येतो.”

शेवटचा मुद्दा आधी घेतो, कारण तिथे चूक माझी आहे. बांगडा, तारली हे थोडकं आयुष्य असलेले, बारीकसारीक खाणारे समुद्रातले मासे. त्यांच्यात पारा साठायला वावच कमी. हे लेखात ठळकपणे यायला हवं होतं. आता घातलंय.

खाण नाही, हे खरंच. पण पारा सोनं कसं धरतो ते मी आमच्या गावच्या सोनारआळीत पाहिलंय. झारेकरी यायचा, दुकानातली केरमाती विकत घ्यायचा. घमेल्यात ती धुऊन त्यात पारा ओतायचा आणि हाताने चोळत बसायचा. मग सगळं फडक्यात घेऊन पिळायचा. सुटा पारा गळून जायचा, फडक्यात राखाडी गोळा उरायचा. तो विस्तवावर ठेवला की पाऱ्याची वाफ उडून जायची आणि सोन्याचा कण मागे राहायचा. धुतलेलं पाणी गटारात, गटार वहाळात. पेरूतल्या माद्रे दे दियोसमध्ये, ब्राझीलच्या तापाझोस नदीवर हजारो माणसं हेच काम करतात, फक्त थेट नदीकाठी.

पाण्यात गेलेल्या पाऱ्याचं खरं विष होतं ते गाळात. चिंबोऱ्या काढताना आपण खाजणात गुडघाभर रुततो, तो कुजक्या अंड्यासारखा वास येणारा काळा चिखल आठवा. तिथे प्राणवायू नसतो. अशा गाळातले जिवाणू पाऱ्याचा मिथिल पारा करतात. तो शेवाळात, किड्यांत, त्यांना खाणाऱ्या बारक्या माशांत आणि तिथून मोठ्या माशांत चढत जातो, दर पायरीला वाढत. तो बसतो मांसात, म्हणून धुऊन, तळून किंवा चरबी काढून जात नाही.

आणि तरी मासा पोहत राहतो, म्हणून नदी ठीक आहे असं वाटतं. तुमचा-माझा खरा मतभेद इथे आहे, असं मला वाटतं. प्रयोगशाळेत छोट्या माशांना मिथिल पारा मिसळलेलं खाद्य दिलं, तेव्हा त्यांचं अंडी घालणं घटलं. शिकारी पक्ष्याची चाहूल लागल्यावर एकत्र येऊन पळायचं, तेही ढिलं पडलं. असा मासा पाटीत इतरांसारखाच दिसतो. नदीत मेलेल्या माशांचा खच पडत नाही. पिल्लं कमी होत जातात, एवढंच.

आता वलगण. तो गढूळपणा पहिल्या पावसाचा. मासे त्यात चढतात, कारण नवं पाणी मळ्यांत शिरलेलं असतं आणि अंडी घालायला उथळ जागा मिळते. पावसाळा सरता सरता पाणी निवळतं. खाणीच्या खालच्या अंगाची नदी निवळतच नाही, कारण पंपाच्या धारेने काठ फोडून धुण्याचं काम पाऊस गेल्यावरही चालूच असतं. बारीक माती कल्ल्यांत बसून माशाचा श्वास अपुरा पडतो, तळाची अंडी गाळाखाली गुदमरतात, नजरेने शिकार करणाऱ्याला भक्ष्य दिसत नाही.

कल्ल्यांचं सांगायचं तर आजीची पारख ताजेपणाची, आणि त्यासाठी ती अचूकच आहे. पण विष त्यातून कळत नाही. मोठ्या खाणींत पाऱ्याऐवजी सायनाइड हे जहाल विष वापरतात. 30 जानेवारी 2000 ला रोमानियात बाया मारे इथे सोनं काढणाऱ्या कारखान्याचा बांध फुटला. सुमारे 1 लाख घनमीटर सायनाइडयुक्त पाणी सोमेश नदीतून तिसा आणि डॅन्यूबमध्ये गेलं. एकट्या हंगेरीत हजार टनांहून जास्त मासे मेले. सायनाइडने मासा मरतो तेव्हा रक्तात प्राणवायू असतो, पण पेशींना तो वापरता येत नाही. त्यामुळे कल्ले लालचुटुक दिसतात.

एक विनंती. तुमच्या नदीला पूर्वी वलगणीचे मासे कुठवर चढायचे, कुठल्या कोंडीपर्यंत, आणि आता कुठवर दिसतात? कोणते मासे यायचे, तेही आठवेल तसं लिहा. इथेच खाली लिहिलंत तरी चालेल.