पहिल्या पानाची गॅरंटी? घ्या, मी पण देतो!

आज डोकं फिरलंय, म्हणून लांब लिहिणार आहे. ज्यांना वेळ नाही त्यांनी लाइक ठोकून पुढे सरका, नेहमीसारखे.

नागपूरच्या नंदनवनातल्या आमच्या काकूंना सकाळी पुन्हा तो फोन आला. "मॅडम, गूगल से बोल रहे हैं, आपकी वेबसाइट फर्स्ट पेज पे नहीं है, सात दिन में ला देंगे, गॅरंटी." पाठोपाठ व्हॉट्सॲपवर एक भलीमोठी पीडीएफ. वर लाल रंगात गोल आणि त्यात आकडा, शंभरपैकी एकतीस. खाली सगळीकडे लाल फुल्या. काकूंनी ती जशीच्या तशी मला पाठवली आणि खाली लिहिलं, "बापा, आपण नापास झालो का?"

ज्या बाईचा मसाला खाल्ल्यावर तिखटाने नाक वाहणारा माणूसही दुसऱ्यांदा वाटी पुढे करतो, तिला कुणीतरी टिनपाट पोरगा फोनवर नापास करतो. आणि तो गूगलकडून बोलत नाही, हे तिला सांगायला कोणी नाही. राजेहो, गूगल सर्चमधला नंबर वर चढवायचे पैसे घेत नाही. जाहिरातीचे घेतं, पण त्यावर 'प्रायोजित' लिहिलेलं असतं आणि तो वेगळा मामला आहे. तो लाल आकडासुद्धा गूगलचा नाही. फुकटच्या टूलमध्ये कुणाच्याही साइटचा पत्ता टाका, अशी पीडीएफ निघते. रागारागात मी त्याच टूलमध्ये फोन करणाऱ्याच्या कंपनीची साइट टाकली. किती आकडा आला ते लिहीत नाही, पण काकू त्यांच्या पुढे आहेत.

जे मला ओळखतात त्यांना माहीत आहे, महाल भागात माझं डीटीपीचं दुकान आहे. पत्रिका, बिलबुकं, फ्लेक्स, आणि आता येताजाता लोकांच्या छोट्या वेबसाइटी. मी काही फार मोठा एक्स्पर्ट नाही. पण काकूंच्या साइटचं जे झालं ते मी डोळ्यांनी पाहिलंय, आणि ते मी भेटेल त्याला सांगतो. तुम्हालाही सांगितलं असेल. पुन्हा ऐका.

काकूंच्या मुलाने पुण्यातून पैसे पाठवले आणि इथल्याच एका कंपनीकडून साइट करून घेतली. सावजी मसाला, लोणची, कुरडया, सांडगे. साइट दिसायला झकास. वर दर महिन्याला साडेतीन हजाराचं 'एसइओ पॅकेज', म्हणजे साइट गूगलमध्ये वर आणून देण्याचं काम. महिने गेले, एक फोन नाही. काकू मला म्हणाल्या, "गूगलमंदी माह्यं दुकान काहून दिसून नाही राह्यलं?" मी म्हटलं, बघतो. गूगलमध्ये 'साइट' शब्द इंग्रजीत टाकला, पुढे कोलन, पुढे जागा न सोडता त्यांचा पत्ता. असं केलं की त्या साइटची गूगलकडे नोंद असलेली पानं दिसतात. एकही नाही. शेवटचा नंबर लागला असता तरी समजलं असतं. इथे नावनिशाणीच नव्हती.

मग काकूंच्या मुलाकडून पासवर्ड घेतला. वर्डप्रेसची साइट, म्हणजे साइट बनवायच्या तयार सॉफ्टवेअरवरची. सेटिंग्जमध्ये 'रीडिंग' नावाचं पान आहे, त्याच्या अगदी तळाशी एक छोटा चौकोन असतो: सर्च इंजिनांनी ही साइट नोंदवू नये. त्यावर टिक होती. साइट बनत असताना ती टिक करतात, अर्धवट काम लोकांना दिसू नये म्हणून, ते बरोबरच आहे. पण काम झाल्यावर काढायची असते. त्यांनी काढली नाही. म्हणजे प्रत्येक पान गूगलला स्वतःच सांगत होतं की मला नोंदवू नको, आणि गूगल बिचारं ऐकत होतं. हजार पत्रिका वाटायच्या आणि लग्नाच्या दिवशी कार्यालयाला कुलूप लावून जायचं, तसला प्रकार. आणि या कंपनीचा दर महिन्याचा रिपोर्ट काय? "रँकिंगमध्ये सातत्याने सुधारणा सुरू आहे." कशाची सुधारणा रे भाऊ? नसलेल्या नंबरची?

हे लिहितानाही हात थरथरतोय. साडेतीन हजारांत किती किलो मसाला कांडला जातो हे त्या पोरांना कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

आता मुद्द्यावर येतो, कारण नवीन साइट असलेले तुमच्यातले बरेच जण इनबॉक्समध्ये तेच विचारतात.

पहिल्या नंबरची गॅरंटी कोणीच देऊ शकत नाही, हे गूगलने स्वतःच्या मदत-पानांवर लिहून ठेवलंय. कोणी देत असेल तर सावध राहा, हेही तिथेच आहे. एसइओचा फायदा दिसायला साधारण चार महिने ते वर्ष लागतं, हे त्यांच्याच माणसांनी सांगितलेलं आहे. सात दिवसांत आधी गूगलचा रोबो तुमच्या पानापर्यंत पोचला तरी पुष्कळ. आधी त्याला पान सापडायला हवं, मग तो ते वाचणार, मग नोंदवणार, आणि त्यानंतर कुठे नंबराची गोष्ट. नोंदच नसेल तर पुढचं सगळं हवेत. सर्च कन्सोल नावाची गूगलची सोय फुकट आहे. तिथे साइट आपल्या नावावर करा, साइटमॅप, म्हणजे साइटवरच्या पानांची यादी, द्या. कुठलं पान नोंदवलं, कुठलं नाही आणि का नाही, ते तीच सांगते. काकूंच्या केसमध्ये तिने पहिल्याच दिवशी 'नोइंडेक्स', म्हणजे 'नोंदवू नका' असं लिहिलंय, म्हणून बोंब मारली असती. पॅकेजवाल्यांनी ती उघडलीच नव्हती.

हो, मान्य, चांगले एसइओवाले असतात. ज्यांच्या साइटवर हजारो पानं आहेत त्यांना ते लागतातही. झालं बोलून.

पण आपल्या गल्लीतल्या धंद्याला जे विकतात ते काय असतं? काकूंच्या साइटमध्ये मेटा कीवर्डच्या टॅगात (पानामागचा, वाचणाऱ्याला न दिसणारा शब्दांचा कप्पा) शे-दीडशे शब्द कोंबलेले होते, 'बेस्ट मसाला नागपूर' पासून 'टॉप मसाला इंडिया' पर्यंत. तो टॅग आपण रँकिंगला वापरत नाही, हे गूगलने 2009 साली जाहीर केलंय. इतक्या वर्षांनी त्याचं बिल काकू भरतात! खाली फूटरमध्ये पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत पुन्हा तेच शब्द लपवलेले. याला स्पॅम म्हणतात आणि याने फायदा सोडाच, साइट खाली ढकलली जाऊ शकते.

बॅकलिंकांचं, म्हणजे दुसऱ्या साइटींवरून आपल्याकडे येणाऱ्या लिंकांचं, तर विचारूच नका. लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी 1998 मध्ये गूगल काढलं तेव्हा त्यांची मूळ कल्पना साधी होती. एका पानाने दुसऱ्याला लिंक दिली म्हणजे त्याला मत दिलं, आणि मोठ्या पानाचं मत जड. आता मत म्हटल्यावर ते विकत घेणारे येणारच, हे नागपूरकरांना मी काय सांगू. बाजार इतका वाढला की 2012 मध्ये गूगलने पेंग्विन नावाचा अपडेट आणून विकतच्या लिंकांवाल्या साइटी धडाधड खाली पाडल्या. आणि आजच्या या पीडीएफमध्ये शेवटच्या पानावर काय? 'पाचशे हाय क्वालिटी बॅकलिंक, ऑफर फक्त आज.' काकूंच्या सांडग्यांना कुठल्यातरी परदेशी जुगाराच्या साइटवरून लिंक! वा रे क्वालिटी.

पाणी पिऊन आलो. आता जरा शांत लिहितो.

खरं दुखणं मला वेगळंच दिसलं, आणि ते माझ्या धंद्यातलं आहे. काकूंच्या साइटवर मालाची सगळी माहिती चित्रांत होती. पाकिटाचं लेबल जसं छापायला दिलं, तसंच जेपीजी करून चिकटवलेलं. चित्रातलं वाचून गूगल तुम्हाला शोधून काढेल, या भरवशावर राहू नका. आणि जो थोडा मजकूर होता तो जुन्या फॉन्टातल्या फाइलीतून उचललेला. आम्ही डीटीपीवाले वर्षानुवर्षं श्रीलिपी, कृतिदेव वापरत आलो. कागदावर छान छापतं. पण फॉन्ट काढला की 'मसाला'च्या जागी आत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा कचरा निघतो. माणसाला स्क्रीनवर मराठी दिसतं, गूगलला तो कचरा दिसतो. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला कोड असतो त्या पद्धतीत, टाइप केलेलं असेल तरच ते मराठी म्हणून सापडतं. नागपुरातल्या किती संस्थांच्या, मंडळांच्या, कॅटरर्सच्या साइटी या एका कारणाने अंधारात असतील देव जाणे. यासाठी कुणाला साडेतीन हजार द्यायची गरज नाही, कन्व्हर्टर फुकट मिळतात.

आणि 'आमच्याविषयी' पान! "आम्ही ग्राहकांना उत्कृष्ट दर्जाची उत्पादने व सर्वोत्तम सेवा प्रदान करण्यास कटिबद्ध आहोत." त्यातली एक ओळ मी गूगलमध्ये टाकली, तर तोच उतारा एका टाइल्सवाल्याच्या साइटवर निघाला. टाइल्स आणि सावजी मसाला, दोन्हींत कटिबद्ध.

मग मी एका दुपारी काकूंच्या ओट्यावर लॅपटॉप घेऊन बसलो आणि म्हटलं, काकू, तुम्ही फक्त बोला. गिऱ्हाईक फोनवर काय काय विचारतं ते सांगा. त्या मिरच्यांची देठं खुडत बोलत राहिल्या. एक किलो मटणाला किती मसाला टाकायचा. भिवापुरी मिरची आहे की दुसरी. दगडफूल किती. कांदा-लसूण नसलेला मिळतो का. पाकीट फोडल्यावर किती दिवस टिकतो. पार्सल प्रवासात फुटत नाही ना. मधेच म्हणाल्या, "हे काय लिवून राह्यला? हे तं सगळ्याइले माहीत आहे." नाही हो काकू, तेच तर नाही. ज्याला माहीत नाही तोच गूगलला विचारतो. तिची उत्तरं जशीच्या तशी टाइप केली, एकेका मालाचं वेगळं पान केलं, पानाच्या शीर्षकात 'होम' ऐवजी त्या मालाचं नाव आणि नागपूर टाकलं. लोक रोमन लिपीतही शोधतात, आणि सावजीचं स्पेलिंग कोणी 'ओ' घालून करतं, कोणी 'व्ही' घालून, म्हणून ओघात दोन्ही येऊ दिलं. फोटो फोनवरचे होते, एकेक आठ-दहा एमबीचा, ते बारीक केले. मोबाइलवर पान पटकन उघडायला हवं, बहुतेक गिऱ्हाईक तिथेच असतं. आणि ती टिक काढली. माझं काम एवढंच.

गूगल मॅपवर दुकानाचं बिझनेस प्रोफाइलही केलं, तेही फुकट. तिथे तुम्ही काय विकता, शोधणाऱ्यापासून किती लांब आहात आणि किती नावाजलेले आहात, यावर ठरतं. जरीपटक्यातल्या माणसाला जरीपटक्यातलं आधी दिसलं तर त्यात कट नाही, अंतर आहे. आणि भाचे-पुतणे लावून पंचतारांकित रिव्ह्यू लिहून घेऊ नका, आपल्याला ते शोभत नाही.

आता लगेच कमेंटमध्ये येणार, "भाऊ, आजकाल सगळे एआयला विचारतात, गूगल कोण पाहतो?" असेल, थोडं खरं असेल. पण ते एआयसुद्धा बऱ्याचदा वेबवरूनच उचलतं ना? आणि त्याच एआयने महिन्याला शंभर लेख पाडून देतो म्हणणाऱ्यांनाही दारात उभं करू नका. रँकिंगसाठी घाऊक भावाने मजकूर पाडणं म्हणजे स्पॅम, हे मार्च 2024 पासून गूगलच्या स्पॅमच्या नियमांत स्पष्ट लिहिलंय, माणसाने पाडलेला असो की मशीनने.

काकूंचं पुढे काय झालं, तर चमत्कार काही नाही. नुसतं 'सावजी मसाला' टाकलं की आजही मोठ्या ऑनलाइन दुकानांची रांग पुढे असते, त्यांच्यापुढे आपण कुठे पुरणार. पण कांदा-लसूण नसलेला सावजी मसाला शोधलं की काकूंचं पान वरच्या चारपाचांत दिसतं, कारण त्यावर सरळ उत्तर देणारे फारसे कोणी नाहीत. मागे भिलाईहून एका बाईचा फोन आला. माहेर सक्करदऱ्याचं, सासर तिकडे. मसाल्याचं राहिलं बाजूला, दोघी तासभर बुधवार बाजारावर बोलत होत्या. नंतर ऑर्डर दिली, दोन किलो. काकूंनी पार्सलमध्ये सांडगे फुकट टाकले. मी म्हटलं, काकू, धंदा आहे हा. तर मलाच रागावल्या.

आणि अशा बाईला तो फोनवाला लाल गोल पाठवतो. तुमच्यातल्या ज्यांची पोरं अशा कंपन्यांत टार्गेटवर कामाला आहेत, त्यांच्यावर माझा राग नाही, पगार सगळ्यांनाच लागतो. राग त्या शेठांवर आहे, ज्यांना ती टिक कुठे असते हे पक्कं माहीत असतं आणि तरी महिन्याचं बिल निघत राहतं.

असो. रविवारी दुकान दुपारपर्यंत उघडं आहे. ज्यांची नवीन साइट गूगलवर दिसत नाही त्यांनी या, टिक आणि फॉन्ट दोन्ही बघून देतो, पैसे नको. फक्त पासवर्ड घेऊन या. "तो साइटवाल्याकडेच आहे" म्हणणाऱ्यांनी आधी त्याच्याकडून तो आणि डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, कोणाच्या नावावर आहे ते काढून घ्या, मग या. आणि जे दोघे-तिघे खाण्यापिण्यावर ब्लॉग लिहितात, त्यांनी काकूंचा मसाला एकदा घरी करून बघा. आवडला तरच लिहा आणि लिंक द्या. नाही आवडला तर तेही लिहा, पण मग नंदनवनातून जाताना जपून.