‘तिहेरी कुलूप’ हा कायदा नाही

ब्रिटनमध्ये नोकरी केलेल्यांच्या ग्रुपवर एक संदेश फिरतोय : ‘तिथली सरकारी पेन्शन तिहेरी कुलपात आहे, कायदाच तसा आहे, कोणतंही सरकार हात लावू शकत नाही.’ हे चूक आहे.

महागाई, देशातली सरासरी पगारवाढ किंवा २.५ टक्के, यांतलं जे जास्त तेवढी पेन्शनमध्ये दरवर्षी वाढ, हे ‘ट्रिपल लॉक’ २०१० च्या आघाडी सरकारने आणलं. कायद्याने बंधन आहे ते फक्त पगारवाढीइतक्या वाढीचं. बाकीची दोन कुलपं म्हणजे राजकीय शब्द. आणि कायद्यातलं बंधनही सैल करता येतं : २०१९ च्या जाहीरनाम्यात तिहेरी कुलपाचं वचन देणाऱ्या जॉन्सन सरकारने संसदेत वेगळा कायदा करून पगारवाढीचा निकष वर्षभर बाजूला ठेवला. कोविडनंतर पगारवाढीचा आकडा ८.३ टक्के निघाला होता. एप्रिल २०२२ मध्ये पेन्शन वाढली ३.१ टक्के.

वृद्ध मतदार हमखास मतदान करतात, म्हणून निवडणुकीत हे वचन सोडायची कोणाची हिंमत होत नाही. खर्चाचं प्रामाणिक बोलणं त्यामुळे टळतं, आणि मग धक्का बसतो. मजूर पक्षाच्या सरकारने २०२४ मध्ये हिवाळी इंधन भत्ता बहुतेक वृद्धांचा काढला, २०२५ मध्ये बहुतेकांना परत दिला. अशाने विश्वास कसा राहील?

आणि भारतात परतलेल्यांनो, हे नीट वाचा : भारतात राहणाऱ्यांची ही पेन्शन दरवर्षी वाढतच नाही, गोठलेली राहते.