केबल तोडली की सगळं क्रिकेट फुकट? नाही!

'केबल तोडा, मोबाइलवर सगळं क्रिकेट फुकट' हा मेसेज पुन्हा फिरतोय. तो जुना आहे. २०२३ मध्ये जिओसिनेमाने आयपीएल फुकट दाखवलं, हे खरं. पण २०२५ मध्ये जिओहॉटस्टार आलं आणि पूर्ण सामन्याला वर्गणी लागू झाली; काही रिचार्जमध्ये ती मिळते, तेवढंच.

खरं फुकट आहे ते दूरदर्शनच्या डीडी फ्री डिश या छत्रीसेवेवर. २००७ च्या कायद्यामुळे भारतीय पुरुष संघाच्या वनडे आणि टी-ट्वेंटी सामन्यांचं प्रक्षेपण दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीला द्यावंच लागतं. छत्री एकदाच बसवायची, महिन्याचं भाडं नाही. आयपीएल मात्र त्यात येत नाही.

शिवाय नेटवरचं चित्र केबलपेक्षा काही सेकंद मागे असतं. शेजारी 'आउट!' ओरडतात, तेव्हा आपला बॉलर अजून धावतच असतो. घरच्या म्हाताऱ्यांची केबल घाईने तोडू नका, कळकळीने सांगतो.